मदत हवी आहे: इन्स्टॉलेशनचं पान सारखं शिळं होतं, तुम्ही ताजं कसं ठेवता?

मंडळी, नमस्कार.

जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं मुक्त स्रोत टूल आम्ही तिघं-चौघं फावल्या वेळात सांभाळतो. पायथनमध्ये आहे. वापरणारे बहुतेक डीटीपीवाले. टर्मिनल उघडायची वेळ त्यांच्यावर बहुधा आमच्यामुळेच पहिल्यांदा येते. पानावरची दुसरीच ओळ चालली नाही, की गडी परत फिरकत नाही.

गंमत म्हणजे कोडला वर्षभर हात लावला नाही तरी पान मोडतं. आमच्याकडे 'सुडो पिप इन्स्टॉल' (ॲडमिनच्या हक्काने, पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने बसवा) लिहिलं होतं. लिनक्सच्या उबुंटू २२.०४ वर ते चालायचं. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ वर तीच ओळ 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडते, कारण सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये असं आता ठरलंय (पेप ६६८ हा पायथनचा प्रस्ताव). लोक नेटवर शोधून 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पर्याय जोडतात आणि पुढे काही बिघडलं की तक्रार आमच्याकडे. त्याच्या वरच्या ओळीत ॲप्टने (सिस्टीमच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) 'पायथन३-डिस्टयुटिल्स' (पॅकेज बांधायचं पायथनचं जुनं साधन) घ्या असं होतं. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स काढून टाकलंय, त्यामुळे २४.०४ मध्ये ते पॅकेजच मिळत नाही.

त्यात हीच माहिती रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल), विकी आणि डॉक्सची साइट अशी तीन ठिकाणी. रीडमी सुधारला की विकी राहतो, आणि शोधणाऱ्याला नेमका विकीच सापडतो.

रिलीजच्या यादीत 'पान तपासणे' हा मुद्दा घातलाय. सगळे प्रामाणिकपणे टिक करतात, पण तपासणाऱ्याच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं. मग चुकणार काय? पगारी माणूस न ठेवता हे कसं जमवता?

प्रतिसाद १

विकी आजच बंद करा, तिथे फक्त साइटची लिंक ठेवा.

मग कमांड एका शेल स्क्रिप्टमध्ये हलवा आणि पानावर ती स्क्रिप्टच ओढून दाखवा. स्फिंक्स (डॉक्सची साइट बनवणारं साधन) वापरत असाल तर 'लिटरलइन्क्लूड' त्यासाठीच आहे. तीच स्क्रिप्ट गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबवर आपोआप कामं चालवणारी सोय) दर आठवड्याला चालवा. पान आणि चाचणी एकाच फाइलवर आली, की पान चुकलं तर लाल फुली दिसतेच.

पण थेट गिटहबच्या 'उबुंटू-लेटेस्ट' या तयार मशीनवर (रनरवर) चालवू नका. त्या रनरवर गिट, कंपायलर, पायथन, काय वाट्टेल ते आधीच असतं. तुमच्या पानावर एखादं पॅकेज राहून गेलं तरी तिथे हिरवंच दिसेल. उबुंटू २४.०४ ची कोरी डॉकर इमेज (वेगळ्या डब्यात चालणारी कोरी सिस्टीम) घ्या, तिच्यात सुडोसुद्धा नसतं. टाइमझोनचा प्रश्न विचारत इन्स्टॉलेशन थांबू नये म्हणून 'डेबियन फ्रंटएंड' नॉनइंटरॅक्टिव्ह करा.

आणखी एक: सार्वजनिक रेपोत (कोडच्या साठ्यात) ६० दिवस काही हालचाल नसेल तर वेळापत्रकावरचं काम गिटहब आपोआप थांबवतं. तुमच्यासारख्या निवांत प्रकल्पाला हे हमखास चावणार.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण मुळात तपासायच्या ओळी कमी करा की. डिस्ट्रोगणिक (लिनक्सच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा) परिच्छेद कशाला? डीटीपीवाल्याला टूल चालवायचंय, लायब्ररी म्हणून वापरायची नाहीये. पिपएक्स प्रत्येक टूल स्वतंत्र कप्प्यात बसवतं. 'ॲप्ट इन्स्टॉल पिपएक्स', 'पिपएक्स एन्शुअरपाथ', मग तुमचं टूल. विषय संपला. फक्त एन्शुअरपाथनंतर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायला सांगा, नाहीतर 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि माणूस समजतो इन्स्टॉलच झालं नाही. हे स्क्रिप्टला कधी कळणार नाही. त्यासाठी वर्षातून एकदा शेजारच्या नवख्याला बसवा आणि तोंड बंद ठेवून बघत राहा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. विकी बंद केला, एक जण रुसलाय, बघू. लिनक्सचं मार्गी लागेल असं दिसतंय.

आता विंडोजचं सांगा. तिथे सगळा कारभार स्क्रीनशॉटवर आहे. पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये पाथची चौकट (कमांड कुठे शोधायची हे विंडोजला सांगणारी) टिक करायची राहिली, तर 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि फोन येतो, 'साहेब, हे पैसे मागतंय का?' तो अख्खा टप्पाच टाळता यावा म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथनसकट प्रोग्रॅम बांधून देणारं साधन) तयार ईएक्सई द्यावी का? डिजिटल सही नसलेल्या फाइलवर विंडोजचं स्मार्टस्क्रीन (अनोळखी फाइलबद्दल इशारा देणारं) ओरडतं, ते कोणी कसं हाताळलंय?