सीतेची वेणी आणि काळी बुरशी: आंब्याला कोण खातंय?

जांबोटीकर: परड्यातल्या आंब्यावर सीतेची वेणी, ते फुलांचं ऑर्किड, लई वाढलीय. पानंबी काळी पडलीत. आप्पा म्हणतात, दोन्ही बांडगुळंच, काढून टाक. खरं काय हो?

खानापूरची मावशी: थांब बाबा, कोयता खाली ठेव! बांडगूळ फांदीत मूळ घुसवतंय. वेणीची जाड मुळं सालीला नुसती धरून असतात, वरचा पांढरा थर पावसाचं पाणी शोषतो. मे-जूनला घोस लोंबतील ते बघ. आता पान ओल्या फडक्यानं पूस. काळं निघालं तर ती तुडतुड्यांच्या गोड चिकट्यावर वाढलेली बुरशी. पान खात नाही, ऊन तेवढं अडवती. बंदोबस्त तुडतुड्यांचा कर.

कणकुंबीवाला: आमच्या रानात मेलिओला नावाची बुरशी असती, तीबी काळीच. पण ती पुसून जात नाही, पानाच्या पेशीत शिरून खाती.

जांबोटीकर: पुसलं, निघालं की हो! म्हणजे दोघंबी साळसूद.

मावशी: वेणी कसली साळसूद! तिचं बी धुळीएवढं, आत शिदोरीच नाही. दुसरीच एक बुरशी आत शिरल्याशिवाय ते रुजत नाही, आणि कोवळं रोप त्या बुरशीलाच खाऊन वाढतंय. आप्पांना हे सांग, आणि खोडावर बुरशीनाशक मारू नको.