बाटलीच्या तळाशी गाळ बसतोय, त्याचं कारण

माशांच्या टाकीतल्या झाडांसाठी सगळी खतं एकाच बाटलीत कालवली आणि तळाशी पिवळट गाळ बसला, तो का, असं एकाने विचारलंय. तो गाळ म्हणजे लोह आणि फॉस्फेटची गाठ पडली. झाडांना त्यातलं फारसं काही मिळत नाही. बाटल्या दोन करा.

मोसंबीच्या ड्रिपला सोडतात तेच १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ०-५२-३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) कृषी सेवा केंद्रात मिळतं. पहिलं ४१ ग्रॅम, दुसरं ३.६ ग्रॅम, ५०० मिली आरओच्या पाण्यात. विरघळताना बाटली हाताला गार लागते, घाबरू नका. कोमट पाणी घेतलं की लवकर विरघळतं. याचे २० मिली १०० लिटरला टाकले की नायट्रेट १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम), फॉस्फेट १ पीपीएम वाढतं. टाकीत सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत असाल तर आठवड्यातून दोन-तीनदा, नसाल तर अर्धाच डोस एकदा. २ × १ × १.५ फुटांची टाकी ८५ लिटरची दिसते, पण माती-दगड वजा जाता पाणी ७० च भरतं, म्हणजे १४ मिली.

पैसे वाचवायला १९-१९-१९ मात्र आणू नका. त्यात युरिया-अमोनियम असतं, आणि आपल्या बोअरच्या जास्त पीएचच्या पाण्यात त्याचा अमोनिया माशांच्या जिवावर उठतो. बोअरच्या पाण्यात कधी कधी नायट्रेट आधीच असतं, म्हणून आधी टेस्ट किट लावा.

लोह दुसऱ्या बाटलीत, आड दिवशी. जड पाण्यात ईडीटीए (लोह विरघळलेलं ठेवणारं रसायन) जोडलेलं लोह टिकत नाही, डीटीपीए जोडलेलं घ्या. फवारणीच्या मायक्रोन्यूट्रिएंटमध्ये तांबं असतं. कोळंबी असेल तर ते नकोच.