कर्जाआधी इनव्हॉइस बघा
टॅरिफचा (परदेशात आपल्या मालावर लागणाऱ्या आयात ड्यूटीचा) फटका बसला तरी स्वस्त कर्ज मिळालं की निर्यातदार तगतील, असं एक मत आहे; ते अर्धंच पटलं. कर्जाने चार महिने निभावतात, पण टॅरिफ नक्की कोणाच्या खिशातून जातंय? एरवी ते आयातदार भरतो. सौदा डीडीपी (डिलिव्हर्ड ड्यूटी पेड, म्हणजे ड्यूटी भरून माल पोचवायच्या) अटीवर असेल तर मात्र भार विकणाऱ्यावर, आणि गिऱ्हाईक टिकवायच्या नादात लहान उद्योग ही अट डोळे झाकून मान्य करतात.

त्यात आणखी एक मेख. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) मूल्यांकन करारानुसार आयात ड्यूटी मालाच्या कस्टम्स मूल्यात (ज्यावर ड्यूटी आकारतात त्या रकमेत) धरत नाहीत, पण ती इनव्हॉइसवर (बिलावर) किमतीपासून वेगळी दाखवलेली असेल तरच. ड्यूटीसह किंमत १००, दर २५ टक्के: वेगळी दाखवली तर ८० वर २०, नाहीतर थेट १०० वर २५. निर्यातदारांसाठीच्या मदत केंद्रांनी आधी एवढे कागद तपासून दिले तरी पुष्कळ.