'रिस्ट्रिक्शन फॅक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

माळावरची: सोलापुरात नर्सिंगच्या मुलींसाठी एचआयव्हीवर मराठी टिपणं करतेय. 'रिस्ट्रिक्शन फॅक्टर'पाशी अडलेय. ही अँटीबॉडी नव्हेत. विषाणू आत शिरला की पेशी स्वतःच ज्या प्रथिनांच्या जोरावर त्याला रोखू बघते, ती ही. 'निर्बंध घटक' लिहिलं तर एकीने विचारलं, लॉकडाऊनमधले का?

काटेकोर: 'प्रतिबंधक घटक' असा शुद्ध शब्द असताना खटाटोप कशाला?

माळावरची: प्रतिबंधक म्हटलं की इथे लस, नाहीतर निरोध.

कडक_भाकरी: 'अटकाव-प्रथिन' करा. थेट अटकेच्या किल्ल्यावरून आलेला शब्द!

काटेकोर: किल्ला कुठला काढलात! 'अटकणे' क्रियापद आहे ते.

पांढरा_कोट: पण सगळी कुठे अडवत बसतात? 2002 साली ओळखलं गेलेलं एपोबेक-थ्री-जी विषाणूचा डीएनए तयार होताना सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल करतं, सगळा मजकूरच बिघडवतं. (त्यावर एचआयव्हीचं व्हिफ हे प्रथिन पेशीकडूनच त्याचा निकाल लावतं.) सॅमएचडी-वन डीएनएचा कच्चा माल संपवतं. ट्रिम-फाइव्ह-अल्फा ऱ्हीसस माकडात एचआयव्हीला रोखतं, माणसातलं मात्र त्याच्यापुढे कमजोर. अटकाव खरा शोभतो टेथेरिनला. 2008 साली हे नाव पडलं, इंग्रजी 'टेथर'वरून, म्हणजे जनावर बांधायचा दोर. बाहेर निघालेल्या विषाणूला ते पेशीच्या पृष्ठभागालाच बांधून ठेवतं.

कडक_भाकरी: मग कासरा म्हणा की!

गड्ड्याची_जत्रा: कासरा हाकणाऱ्याच्या हातात असतो ओ. खुंट्याला बांधतात ते दावं.

काटेकोर: दावं म्हणजे संस्कृत दामन्, दामोदरातलं. तरी टिपणांत गोठा नको.

गड्ड्याची_जत्रा: देवाच्या पोटाला चाललं, विषाणूला चालत नाही?

अक्कलकोटची_सून: आमच्या घरी कानडी. दोराला 'हग्ग' म्हणतात. तेवढं मात्र टिपणांत घालू नका.

पांढरा_कोट: 😂 बरं, एचआयव्हीचं व्हीपीयू हे प्रथिन टेथेरिनवर मात करतं. 'दावं तोडतं' लिहू?

गड्ड्याची_जत्रा: खरंच तोडतं का?

पांढरा_कोट: नाही, टेथेरिनच पृष्ठभागावरून हटवतं.

गड्ड्याची_जत्रा: मग खुंटाच उपटला म्हणा.

माळावरची: मंडळी, आणि रिस्ट्रिक्शन फॅक्टर?

कडक_भाकरी: ताई, थांबा जरा. आमच्या बार्शीकडे बांधायच्या दोरालाही कासराच म्हणतात. कुणालाही विचारा.