घोड्याचे पाय आणि कॅमेरा

कॅमेऱ्याने गती अचूक पकडल्यावर चित्रकाराला त्यात करण्यासारखं काही उरलं नाही, हे मत मला पटत नाही. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या १८२१ च्या घोडेशर्यतीच्या चित्रात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले आहेत. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो काढले, तेव्हा दिसलं की एका क्षणी चारही पाय हवेत असतात खरे, पण पोटाखाली गोळा झालेले. म्हणजे जेरिको चुकला. तरी त्याचे घोडे धावतात आणि फोटोतली घोडी अधांतरी थिजल्यासारखी वाटते! शिल्पकार रोदँ हेच सांगायचा: कलाकार एकाच आकृतीत लागोपाठचे क्षण मिसळतो, फोटो मात्र काळ थांबवतो आणि काळ तर थांबत नाही.

इटालियन चित्रकार बाल्लाने १९१२ मध्ये साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पायांचा झुपकाच काढला. (जरा हास्यास्पद दिसतं, पण शेपूट खरंच हलतं.) मला मात्र इंग्रज चित्रकार टर्नरच्या चित्रातली १८४४ ची आगगाडी जास्त आवडते. पावसात, वाफेत डबे जवळजवळ विरघळलेत, इंजिनाचं धुराडं तेवढं ठळक. तिथे वेग चाकांत नाही, पुसट कडांमध्ये आहे. हलत्या गोष्टी पुसट याव्यात म्हणून कॅमेऱ्याचं शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवणारे छायाचित्रकार तरी दुसरं काय करतात?