मदत हवी आहे: त्रिस्तान द कुन्हा बेटाचे जुने नकाशे आणि मॉडेल

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. नववीची मुलं दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान द कुन्हा या ज्वालामुखी बेटाचं मॉडेल करताहेत. १५०६ मध्ये भारताकडे येणाऱ्या पोर्तुगीज ताफ्याला हे बेट दिसलं आणि कप्तानाचंच नाव त्याला मिळालं. त्याच ताफ्यात आफोंसो द आल्बुकेर्क होता, पुढे १५१० मध्ये गोवा जिंकणारा! हे कळल्यापासून मुलं नकाशा सोडायला तयार नाहीत.

बेट जवळपास गोल, मधोमध २,०६२ मीटरचं शिखर, भोवती सुमारे ६०० मीटरचे उभे कडे. वस्ती एकच, वायव्येच्या चिंचोळ्या सपाटीवर. १९६१ मध्ये अगदी तिच्या शेजारीच उद्रेक झाला, तेव्हा सगळ्यांना इंग्लंडला हलवलं. १९६३ मध्ये बहुतेकजण हट्टाने परतले.

आमची अडचण कड्यांची. कागदाचा लगदा शिखराच्या उतारावर छान बसतो, कड्यांवर मात्र ओला असतानाच घसरतो. आत जाळी घालावी का? आणि सोळाव्या शतकातले पोर्तुगीज सागरी नकाशे पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात कुणी पाहिलेत का? नकाशावरची पोर्तुगीज वाचून सांगणारं कुणी असेल तर फारच बरं होईल.