‘सीरियस गेम’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सांगलीतल्या पूर-प्रशिक्षणाच्या टिपणात ‘सीरियस गेम’ आलाय, म्हणजे शिकण्यासाठी खेळायचा खेळ. ‘गंभीर खेळ’ लिहावं की ‘रंगीत तालीम’?

प्रतिसाद १ : ‘गंभीर खेळ’ नकोच. प्रकृती गंभीर, गुन्हा गंभीर. खेळ शिकण्यासाठी आहे हे त्यातून कळत नाही. रंगीत तालीम नाटकातली, तिथं संहिता ठरलेली. सायरन वाजला, बोट उतरली, जखमीला स्ट्रेचरवर घेतलं, हे मॉक ड्रिल. त्याला रंगीत तालीम चपखल. खेळात मात्र पुढचा प्रसंग खेळणाऱ्याच्या निर्णयावर ठरतो.

प्रतिसाद २ : हा फरक टेबलावर लगेच दिसतो. नकाशा पसरायचा. महसूल, पोलीस, पाटबंधारे, आरोग्य, ग्रामपंचायत अशा पाच भूमिका. गावं सात, बोटी चार. वीस मिनिटं म्हणजे खेळातले सहा तास. सूत्रधार चिठ्ठी देतो : ‘आयर्विन पूल 38 फूट, कोयनेतून विसर्ग वाढवला.’ सांगलीतल्या या पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. गाव आत्ताच हलवलं तर ट्रॅक्टर पुरतात. 45 ची वाट बघितली तर पुढच्या चिठ्ठीत रस्ता पाण्याखाली, आणि तीच माणसं बोटीसाठी ताटकळतात. कोणी, किती वाजता, कशाच्या आधारावर ठरवलं हे लिहून ठेवायचं. अभ्यास त्या नोंदींचाच.

फसतं कुठं? विसर्गाची चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली तर निरोप पोचायला लागणारा वेळ खेळातून गळतो. ती फक्त पाटबंधाऱ्यांच्या हातात द्या. साहेब स्वतःच्याच भूमिकेत बसले की बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघतात. त्यांना ग्रामपंचायत द्या. आणि डाव 45 वर थांबवू नका, 2019 मध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांपलीकडं गेलं होतं.

प्रतिसाद ३ : वर ‘डाव’ आपसूक आलाच! म्हणून ‘सराव-डाव’ सुचवते. ‘डाव रचला’मध्ये कपटाची छटा आहे खरी, पण ‘सराव’ जोडला की ती उरत नाही. कुस्तीच्या तालमीतही समोरचा प्रतिडाव टाकतोच, त्यामुळं नुसती ‘तालीम’ चालली असती. ‘रंगीत’ म्हटलं की ती नाटकाकडं जाते.

प्रश्नकर्ता : पटलं. मग वाक्य असं करतो : ‘सकाळी बोटीची रंगीत तालीम, दुपारी पूर-निर्णयांचा सराव-डाव.’

प्रतिसाद २ : क्रम उलटा ठेवा. डावात बोटी कुठं कमी पडतात ते कळलं, की तालीम त्याच घाटावर घेता येते.